तिकिटाच्या मागचं भविष्य

गेल्या दिवाळीत माझी बहीण तिच्या मुलीला घेऊन नागपूरला आली होती. भाची पंधरा वर्षांची. रात्रीचे अकरा वाजले होते. सगळे दिवाणखान्यात गाद्या टाकून पत्ते कुटत होते, मधे फराळाचं ताट फिरत होतं. आणि ही मुलगी बाल्कनी ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा फेऱ्या मारत होती. मनगटावर घड्याळ, नजर घड्याळावर.

"काय चाललंय गं?" मी विचारलं.

"नऊशे कमी आहेत मावशी. दहा हजार झाले की एक चकली खाईन."

सगळे हसले. "बघा, आजकालच्या पोरी तब्येतीला किती जपतात," असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं. मी हसले नाही. चकली आवडते म्हणून खायची नाही, भूक लागली म्हणून खायची नाही, ती आधी कमवायची. हा हिशोब मला ओळखीचा होता. एकोणीस वर्षांची असताना मी तो दिवसरात्र करत होते, आणि तो मला हॉस्पिटलच्या खाटेपर्यंत घेऊन गेला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून मी वाचायला लागले, आणि मग वाचतच गेले. बायकांचं शरीर, त्यांचा व्यायाम, त्यांचं जेवण आणि त्यांचं वजन, हे सगळं एकमेकांत असं गुंतलं कधी? आणि माझ्या गावात, नागपुरात, ते कुठल्या रस्त्यानं आलं? हा लेख म्हणजे त्या शोधाची गोष्ट आहे.

सुरुवात त्या दहा हजारांपासूनच करू. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेत सापडलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानमध्ये व्यायामाची लाट आली. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मोजक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, विकायला सोपा होता. साठ वर्षांनी तो माझ्या भाचीच्या मनगटावर बसून तिला चकली खायची की नाही हे सांगत होता.

वजनाचं तिकीट

माझ्या लहानपणी वजन ही रोज करायची गोष्ट नव्हती, ती प्रवासात करायची गंमत होती. नागपूर स्टेशनवर ते उंच, लाल-पिवळे दिवे लुकलुकणारं यंत्र असायचं. त्यावर उभं राहायचं, आतलं चक्र थांबेपर्यंत हलायचं नाही, नाणं टाकायचं. खटकन जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर यायचं. त्यावर वजन, बहुतेक वेळा एखाद्या सिनेनटाचं किंवा नटीचं चित्र, आणि सोबत तुमचं भविष्य.

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. ती तिकीट माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "पाय बरं, काय लिवलं आहे?" मी आकडा वाचायला लागले की ती हात झटकायची. "ते राहू दे. भविष्य वाच." आकड्यात तिला रस नव्हता. वाढला असेल तर चांगलंच, कमी झाला असेल तर घरी जाऊन तूप जास्त खायचं, इतकंच.

आजीच्या भाषेत अंगानं भरलेली बाई म्हणजे सुखी बाई. बाळ बाळसं धरतं ही आनंदाची गोष्ट. सासरहून आलेली मुलगी वाळलेली दिसली तर आईच्या पोटात गोळा येतो. "किती बारीक झालीस गं!" हे वाक्य आजी काळजीनं म्हणायची. पुढे तेच वाक्य, तेच शब्द, कॉलेजात मैत्रिणींच्या तोंडून ऐकलं, तेव्हा ते कौतुक झालेलं होतं. शब्द एकही बदलला नव्हता. माझ्या मते आपल्याकडच्या बायकांच्या शरीराचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास त्या एका वाक्याचा सूर बदलण्यात आहे.

ज्या कामाला कुणी व्यायाम म्हटलं नाही

आजी महालातल्या विणकर घरातली. लहानपणापासून चरख्यावर कांड्या भरायची, पाणी ओढायची, लाकडं फोडायची. तिला कुणी "व्यायाम करतेस का?" असं विचारलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. त्या गिरणीनं शहराचा दिवस भोंग्यावर बांधून टाकला. बायकाही गिरणीकामाला जाऊ लागल्या. त्यांचं शरीर मोजलं जायचं ते मजुरीच्या हिशोबानं.

त्याच काळातल्या जाईबाई चौधरींची गोष्ट नागपूरच्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवी. १८९२ मध्ये उमरेडला एका दलित कुटुंबात जन्म. पोट भरण्यासाठी नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहायची. ओझं वाहणारी ही तरुण बाई एका मिशनरी बाईंच्या नजरेत भरली. त्यांनी तिला लिहायला-वाचायला शिकवलं, शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळल्यावर विरोध झाला आणि नोकरी सुटली. मग १९२० च्या दशकात जाईबाईंनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा स्वतःच काढली.

१९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. तिथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळं बसवण्यात आलं. दलित स्त्रियांनी लगेच सभा घेऊन त्याचा निषेध केला. पुढे २० जुलै १९४२ ला याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची मोठी परिषद झाली. हजारो बाया आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. त्या परिषदेच्या ठरावांमध्ये गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या रजेची आणि भरपाईची मागणी होती.

खाण्याच्या विकारांवरच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण मला इथेच एक धागा सापडला. बाईच्या शरीराविषयी नागपुरात जाहीरपणे बोललं गेलं तेव्हा विषय दिसण्याचा नव्हता. पंगतीला कोण बसणार, ओझं किती, सुट्टी किती, बाळंतपणात काय, हा विषय होता. शरीराला विश्रांती हवी ही मागणी होती. दोन पिढ्यांनंतर माझ्यासारखी मुलगी विश्रांती घेतली म्हणून स्वतःलाच शिक्षा करत होती.

१९३६

मग बायकांच्या आयुष्यात व्यायाम नावाची वेगळी गोष्ट कधी आली? वाचता वाचता एका सालापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबले. १९३६.

विदर्भाला व्यायामाची परंपरा जुनीच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ मध्ये या मंडळाचा चमू थेट बर्लिन ऑलिम्पिकला गेला आणि तिथे त्यानं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. गुलाम देशातले लोक अशक्त असतात, या समजाला ते उत्तर होतं.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबर १९३६ ला, वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. लक्ष्मीबाई मूळच्या नागपूरच्या. समितीच्या विचारांशी कुणी सहमत असो किंवा नसो, इतिहास म्हणून एक गोष्ट नोंदवावीच लागते. मध्यमवर्गीय घरातल्या, उंबरठा ओलांडताना डोक्यावरचा पदर सावरणाऱ्या बायका मैदानात उतरून लाठी फिरवू लागल्या. कारण दिलं गेलं स्वसंरक्षणाचं आणि राष्ट्राचं. बलवान माता हवी, म्हणून बलवान मुलगी हवी. शरीर स्वतःसाठी नव्हतं, पण निदान ते बलवान व्हावं अशी अपेक्षा होती. कमी व्हावं, अशी नव्हती.

आणि तिसरी गोष्ट, साताऱ्याकडची. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारक. त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तक लिहिलं. १९३६ मध्ये ते लंडनला गेले. तिथे 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्राच्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. अनेक मुलांची आई असूनही राणीसाहेब किती तरुण दिसतात, याचं मॉर्गनबाईंना विशेष अप्रूप वाटलं. १९३८ मध्ये त्यांनीच संपादित केलेलं राजेसाहेबांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं, त्यात आरोग्याचा दहा कलमी मार्ग सांगितला होता.

सूर्याला घालायचा नमस्कार. आधी तो उपासना होता. औंधात तो आरोग्य झाला. आणि लंडनच्या छापखान्यातून बाहेर पडताना तो बाईचं तारुण्य आणि बांधा टिकवण्याचा उपायही झाला. यात राजेसाहेबांचा दोष नाही, त्यांना सगळ्यांनी निरोगी व्हावं असंच वाटत होतं. पण १९३६ या एका वर्षात मराठी माणसांच्या व्यायामाची तीन कारणं शेजारी शेजारी उभी दिसतात: देशाची इज्जत, स्वतःचं रक्षण आणि चांगलं दिसणं. पहिली दोन हळूहळू मागे पडली. तिसरं राहिलं.

लंडनमधली चालणारी मुलगी

आता थोडं मागे आणि थोडं लांब जाऊ. १८७३ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे एकाच आजाराचं वर्णन केलं. तरुण मुली, बहुतेक खात्यापित्या घरच्या, जेवण सोडतात आणि झिजत जातात. पोटाचा विकार नाही, क्षय नाही. गल यांनी त्याला 'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिलं.

मला गल यांच्या टिपणातली एक गोष्ट थेट लागली. त्यांची रुग्ण हाडांचा सापळा झाली होती, पण स्वस्थ बसत नव्हती. सतत हालचाल, सतत चालणं. इतक्या खंगलेल्या शरीरात हे बळ येतं कुठून, याचं डॉक्टरांना आश्चर्य वाटलं होतं. म्हणजे न खाणं आणि न थांबणं ही जोडी आजाराला नाव मिळाल्या दिवसापासून सोबत आहे. तेव्हा ना जिम होती, ना स्मार्ट घड्याळ.

त्याही आधी जायचं तर इटलीतली संत कॅथरीन. १३८० मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ती गेली. तिचे उपवास इतके कडक की तिच्या धर्मगुरूंनाही काळजी वाटायची. ती देवासाठी उपाशी राहिली, लंडनची मुलगी कशासाठी राहिली हे तिलाही सांगता आलं नसेल. प्रत्येक काळ उपाशी मुलीच्या हातात एक मान्यता पावलेलं कारण ठेवतो. मुलगी ते कारण सांगते आणि आजूबाजूचे लोक ते मान्य करतात.

माझ्याकडे दोन कारणं होती. एक आजीच्या पिढीचं, एक माझ्या पिढीचं.

अंबाझरीची पाळ

२००८ साल. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच वर्षी 'टशन' आला आणि 'झिरो फिगर' हा शब्द मुंबईहून निघून धरमपेठेतल्या आमच्या कट्ट्यावर पोचला. त्याच्या चौदा वर्षं आधी, १९९४ मध्ये, सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी एकाच वर्षी दोन मुकुट आणले होते. आमच्या पिढीच्या मुली त्यांचे फोटो वहीवर चिकटवत मोठ्या झाल्या. पण वहीवरचं चित्र ते चित्रच होतं. झिरो फिगरमध्ये आकडा होता, आणि आकडा गाठता येतो.

मी पहाटे अंबाझरीला जायला लागले. तलावाची पाळ, थंड वारा, पलीकडून उगवणारा सूर्य. सुरुवातीचे दोन महिने खरंच आनंदाचे होते, हे मी नाकारणार नाही. पळताना अंगात जी हलकी लहर येते ती खोटी नसते. मग एक फेरी वाढली. मग आणखी एक. मग पावसातही जायचं. मग तापातही. एकदा चुलतभावाच्या लग्नाच्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून गच्चीवर पळत होते, कारण दिवसभर वेळ मिळणार नव्हता.

आणि जेवण? त्याला माझ्याकडे उत्तम पडदा होता: उपवास. सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला, चतुर्थी-एकादशी होतीच. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात, माझी एकादशी मात्र खरीखुरी कोरडी असायची. आईला वाटलं पोरगी देवाधर्माची झाली. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीला माझं उदाहरण दिलं. ज्या दिवशी उपवास नसायचा त्या दिवशी मी 'डाएट'वर असायचे, आणि त्याचंही कौतुक व्हायचं. एका कारणाचं कौतुक मोठी माणसं करायची, दुसऱ्याचं मैत्रिणी. मधे कुणालाच दिसलं नाही की मुलगी जेवत नाहीये.

दिसलं फक्त आजीला. एक दिवस तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "काहून वाळून राहिली गं पोट्टे? काय झालं तुले?" मी चिडले. "आजी, तुला काही कळत नाही," म्हणाले. तिच्या 'वाळून राहिली'मध्ये काळजी होती. मी सवयीनं त्यात कौतुक शोधत होते.

उंदीर, तरुण आणि एक सूत्र

माझं तेव्हाचं मन मला पुढे कितीतरी वर्षं कळलं नाही. वाईट इच्छाशक्ती, हट्टीपणा, नखरे, असंच मी स्वतःला म्हणत राहिले. दोन जुन्या प्रयोगांनी मला त्यातून थोडं सोडवलं.

पहिला १९६७ चा. अमेरिकेत राउटेनबर्ग आणि कुझनेसॉफ या संशोधकांनी उंदरांना रोज ठरावीक थोडाच वेळ अन्न दिलं. काहींच्या पिंजऱ्यात पळायचं चाक होतं, काहींच्या नव्हतं. चाक नसलेले उंदीर त्या वेळापत्रकाला सरावले आणि जगले. चाक असलेले उंदीर दिवसेंदिवस जास्त पळू लागले आणि कमी खाऊ लागले. अन्न समोर असतानाही. त्यातले कितीतरी मेले. उंदरांना सिनेमा माहीत नसतो, आरसा माहीत नसतो. तरी भूक आणि पळणं एकत्र आलं की शरीराचं तंत्र उलटं फिरू शकतं. माणसाची गोष्ट उंदरापेक्षा गुंतागुंतीची आहेच. पण हे वाचल्यावर मी पहिल्यांदा स्वतःला 'नखरेल' म्हणणं थांबवलं.

दुसरा प्रयोग मिनेसोटाचा. दुसऱ्या महायुद्धात युरोपात उपासमार चालू होती. भुकेल्या माणसांना पुन्हा खायला कसं घालायचं हे शास्त्राला ठाऊक नव्हतं. १९४४ च्या नोव्हेंबरात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धात लढायला नकार देणारे, पण मानवतेसाठी उपाशी राहायला तयार असलेले. चोवीस आठवडे त्यांना अपुरं अन्न दिलं आणि दर आठवड्याला बावीस मैल चालायला लावलं. त्यांचं वजन साधारण पाव हिश्शानं उतरलं. पण त्यांच्या मनाचं जे झालं ते जास्त बोलकं आहे. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. एकेक घास बराच वेळ चघळू लागले. चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. हे धडधाकट पुरुष होते, त्यांना कुणी झिरो फिगर मागितली नव्हती.

मला आठवलं, मीही त्या काळात रोज टीव्हीवर स्वयंपाकाचे कार्यक्रम बघायचे आणि घरादाराला केक करून खायला घालायचे. स्वतः चवही घ्यायचे नाही. मला वाटायचं हा माझा छंद आहे. ती भूक होती.

आता या गोष्टीतला विचित्र योगायोग. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अॅडॉल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञानं 'सरासरी माणूस' शोधताना वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं सूत्र मांडलं होतं. ते धूळ खात पडलं होतं. १९७२ मध्ये ते पुन्हा काढून त्याला 'बॉडी मास इंडेक्स', म्हणजे बीएमआय, हे नाव दिलं ते याच अॅन्सेल कीजनं. लोकसमूहाचा अभ्यास करायला ते सोयीचं होतं, एका माणसाच्या तब्येतीचा निवाडा करायला नव्हे. पण ते शाळेच्या तपासणीत गेलं, विम्याच्या अर्जात गेलं, जिमच्या भिंतीवर गेलं. भुकेनं मनाचं काय होतं हे ज्यानं जगाला दाखवलं, त्यानंच नाव दिलेला आकडा घेऊन पुढे लाखो मुली उपाशी राहिल्या.

क्षय नाही, थायरॉइड नाही

मी एकदा जिन्यात चक्कर येऊन पडले तेव्हा घरचे हादरले. आमच्या डॉक्टरांनी आधी क्षयाच्या तपासण्या केल्या, मग थायरॉइडच्या. वजन उतरलेली मुलगी म्हटल्यावर आपल्याकडे हीच शंका आधी येते, आणि ते चूकही नाही. तेव्हा बहुतेकांचा समज होता की अॅनोरेक्सिया हा गोऱ्या, श्रीमंत मुलींचा आजार. दिल्लीच्या एम्समधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ मध्येच पाच भारतीय तरुणींच्या केसेस लिहून ठेवल्या होत्या. त्या मुली जेवत नव्हत्या, पण पाश्चात्त्य पुस्तकांत असते तशी अति हालचाल आणि स्वतःच्या शरीराबद्दलची विकृत प्रतिमा त्यांच्यात दिसली नव्हती. म्हणजे आजार होता, त्याची भाषा वेगळी होती.

भाषा किती लवकर बदलते याचं उदाहरण फिजी बेटांवरचं. तिथे भरलेलं अंग हेच सुंदर मानायची रीत होती, आपल्या आज्यांसारखीच. १९९५ मध्ये एका भागात टीव्ही आला. अॅन बेकर या संशोधक बाईंनी तिथल्या शाळकरी मुलींना विचारलं, तेव्हा वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, हे प्रमाण ११.३ टक्के होतं. तीन वर्षं फक्त.

शेवटी धंतोलीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे आम्ही पोचलो. त्यांनी "काय खातेस?" असं विचारलं नाही, त्याची उत्तरं मला पाठ होती. त्यांनी विचारलं, "एखाद्या दिवशी पळायचं राहिलं तर काय होतं?"

मी म्हणाले, "भीती वाटते."

"कशाची?"

मला उत्तर आलं नाही. मी रडायला लागले. ज्या व्यायामाची सुट्टी घेतली की आनंद होतो किंवा फार तर हळहळ वाटते, तो व्यायाम. ज्याची सुट्टी घेतली की धडकी भरते, जेवायचा हक्क गेला असं वाटतं, तो आजार. किती तास करता यापेक्षा हा फरक जास्त महत्त्वाचा असतो, हे मी त्या दिवशी शिकले.

बरं व्हायला दोन वर्षं लागली. काही महिने पळणं पूर्ण बंद. वजन करायचं ते काट्याकडे पाठ करून, आकडा फक्त डॉक्टरांनी बघायचा. जेवताना कुणीतरी सोबत बसायचं. दुपारी ती पाळी आजीची असायची. ती एकदाही "खा" म्हणाली नाही. ती तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगत राहायची, दुष्काळाच्या, कांड्या भरण्याच्या, रेशनच्या लाल ज्वारीच्या. ताटातलं संपेपर्यंत गोष्ट संपायची नाही. ज्या बाईनं न मिळाल्यामुळे उपास काढले होते, ती समोर असताना सोडून देणाऱ्या नातीला एकदाही टोचून बोलली नाही. मला आजही ते आठवलं की घशाशी येतं.

दोन आकडे

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के कमी वजनाच्या आहेत आणि २४ टक्के जास्त वजनाच्या. एकाच देशात, अनेकदा एकाच गल्लीत. नागपूरहून काही तासांवर मेळघाट आहे, जिथल्या कुपोषणाच्या बातम्या १९९० च्या दशकापासून येत आहेत. आणि नागपूर हेच शहर आहे जिथल्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी दिवसातून दोनदाच जेवायचा विचार व्याख्यानांतून मांडला. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो घराघरात पोचवला. मधुमेहाच्या आणि स्थूलतेच्या भीतीनं कितीतरी काका-काकूंनी तो धरला. मोठ्या माणसांनी विचारपूर्वक, डॉक्टरांना विचारून काय खावं हा त्यांचा प्रश्न. माझी काळजी वेगळी आहे. घरात सगळेच जेव्हा तास मोजतात, पावलं मोजतात, पोळ्या मोजतात, तेव्हा त्या घरातली पंधरा वर्षांची मुलगी जेवत नाहीये हे कळायला फार उशीर होतो. सगळ्यांच्या मोजण्यात तिचं मोजणं लपून जातं.

त्या रात्री भाचीनं नऊशे पावलं पूर्ण केली आणि मग चकली खाल्ली. अर्धी. दुसऱ्या दिवशी मी बहिणीला गच्चीवर घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. आधी ती रागावली, "तुला सगळीकडे तेच दिसतं" म्हणाली. मग गप्प झाली. मग म्हणाली, "तिची पाळी तीन महिने आली नाहीये."

पुण्याला गेल्यावर त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली. पुढचं काय ते मी इथे लिहिणार नाही, ती तिची गोष्ट आहे. हे वाचताना तुम्हाला स्वतःची किंवा मैत्रिणीची आठवण झाली असेल, तर घरातल्या कुणाला तरी सांगा. घरी बोलता येत नसेल तर १४४१६ हा सरकारच्या 'टेलि-मानस'चा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

आजी जाऊन आता सहा वर्षं झाली. मी अजूनही अंबाझरीला जाते, चालत. कधीकधी नकळत फेऱ्या मोजायला लागते, आणि लक्षात आलं की पाळीवर बसून घेते. आपल्या भाषेत 'वजन' हा शब्द चांगल्या अर्थानंही येतो. माणसाच्या बोलण्याला वजन असतं, घरात त्याच्या मताला वजन असतं. आजीच्या शब्दाला आमच्या घरात ते होतं, आणि ते तिनं कधी कमी होऊ दिलं नाही. स्टेशनवरच्या तिकिटावरचा आकडा मात्र तिनं आयुष्यात एकदाही वाचू दिला नाही.

"ते राहू दे," ती म्हणायची. "भविष्य वाच."